विद्येचा खर्च आणि तो सोसणारे : जोतीराव फुले यांच्या निवेदनापासून कर्नाटकातील शुल्क-खटल्यांपर्यंत

महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे, याचे थोडे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. तथापि मराठी समाजातील विचारवंतांनी हा प्रश्न गेली दीडशे वर्षे सातत्याने हाताळला आहे. त्याची एक अत्यंत नेमकी मांडणी जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर गाजलेले शुल्कविषयक खटले मात्र प्रामुख्याने कर्नाटकातून उभे राहिले. बंगळुरूमध्ये अभ्यागत प्राध्यापक म्हणून काम करीत असताना ही दोन टोके जोडून पाहण्याची गरज मला जाणवली. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

प्रारंभी तीन गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अध्यापकांचे वेतन यांवर संस्थेला जे खर्चावे लागते, तो शिक्षणाचा 'खर्च'. त्यापैकी जेवढा भाग विद्यार्थ्याकडून मागितला जातो, ते 'शुल्क'. शुल्काखेरीज राहणे, जेवण, प्रवास आणि मुलगा किंवा मुलगी शिकत असताना बुडणारी मिळकत यांसह कुटुंबावर जे येते, तो 'भार'. शुल्क माफ केल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाकडे तरी जातो. शुल्क माफ झाले म्हणजे भार संपला, असेही होत नाही. या विषयावरील बहुतेक वाद हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरल्याने निर्माण झालेले दिसतात.

दक्षिणा आणि माधुकरी

पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना पुण्यात दक्षिणा वाटली जात असे. तो पैसा राज्याच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यातून येत असे. १८१८ नंतर इंग्रजी अमलात एल्फिन्स्टनने दक्षिणेची प्रथा एकदम मोडली नाही. तिच्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. प्रारंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वापरावा, अशी मागणी सरकारकडे केली. त्यातूनच दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. सार्वजनिक पैसा विद्येवर खर्च व्हावा, हे त्या वादातील दोन्ही पक्षांना मान्य होते. तो कोणाच्या विद्येवर खर्च व्हावा, यावर मतभेद होता.

याच काळात आणि नंतरही कितीतरी विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवण, अशी ती व्यवस्था होती. आत्मचरित्रांतून तिचे वर्णन बहुधा विद्यार्थ्याच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून येते. परंतु ती एक सामाजिक अर्थव्यवस्थाही होती, हे लक्षात घ्यावयास हवे. विद्यार्थ्याच्या अन्नाचा भार गावातील घरे वाटून घेत होती. मात्र ज्याला त्या घरांच्या ओटीवर बसण्याची मुभा होती, त्यालाच वार मिळत असे. जातीच्या उतरंडीत खाली असलेल्या मुलाला शाळेने प्रवेश दिला, तरी जेवण कोणी देत नव्हते.

फुले यांचे निवेदन

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी या व्यवस्थेचा हिशेब मांडला. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो. मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे मुख्य म्हणणे होते. उच्च शिक्षणावर खर्च करून ते वरून खाली झिरपेल, हा सरकारचा विश्वास त्यांना निराधार वाटत होता. म्हणून प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

या निवेदनातील आणखी एक मुद्दा तुलनेने कमी उद्धृत होतो; प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. शिष्यवृत्त्या स्पर्धा-परीक्षेने देणे तत्त्वतः न्याय्य दिसत असले, तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे फुले यांनी नोंदविले. ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही, त्यांनाच शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांनी सुचविले. ज्याच्या घरात आधीपासून अक्षर आहे, तोच स्पर्धेत पुढे राहतो. परिणामी ज्याला मदतीची गरज सर्वांत कमी, त्याच्याच हाती मदत पडते. 'पैसा कोणाचा आणि प्रवेश कोणाचा' हे दोन प्रश्न एकत्र विचारावयाचे, ही फुले यांची कसोटी म्हणता येईल. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

अध्यापक, संस्थानिक आणि उद्योजक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खर्च सोसणारे तीन नवे घटक पुढे आले. पहिला अध्यापक. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचे व्रत घेतले. गोपाळ कृष्ण गोखले यांची दरमहा ७५ रुपयांवरील वीस वर्षांची सेवा सर्वश्रुत आहे. या त्यागाकडे आपण आदराने पाहतो, ते योग्यच आहे. पण हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, बाजारात अधिक मिळू शकणारे वेतन सोडून अध्यापकाने विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा एक हिस्सा स्वतः भरला होता.

दुसरा घटक संस्थानिक. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. खेड्यातल्या मुलाला केवळ शुल्काची अडचण नाही, शहरात राहण्याजेवण्याची सोय ही त्याची खरी अडचण आहे, हे शाहूंनी ओळखले होते. वर केलेला शुल्क आणि भार यांतील भेद त्यांनी असा प्रत्यक्ष कृतीत आणला.

म्हैसूर संस्थानाचे उदाहरण बंगळुरूच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून शिकवण्या करीत १८८१ मध्ये पदवी मिळविली. त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले. शिक्षण संपल्यावर ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत आणि सिंधमध्ये त्यांनी सुमारे पाव शतक काम केले; खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे याच काळातले. १९०९ मध्ये ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून परतले आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाची स्थापना त्यांच्याच कारकिर्दीत झाली. म्हैसूरच्या तिजोरीने भरलेल्या पैशाचे फळ प्रथम पुणे-नाशिकच्या शेतकऱ्याला मिळाले. शिक्षणाचा लाभ पैसे देणाऱ्याच्या हद्दीत राहत नाही, हे यावरून स्पष्ट होते. 'ज्याला लाभ, त्यानेच भरावे' हे सूत्र ऐकावयास सरळ असले, तरी त्याची अंमलबजावणी याच कारणाने अवघड ठरते.

तिसरा घटक उद्योजक. जमशेटजी टाटा यांनी १८९८ मध्ये संशोधन-विद्यापीठासाठी आपल्या संपत्तीतील तीस लक्ष रुपयांची मालमत्ता देऊ केली. म्हैसूर संस्थानाने बंगळुरूत ३७१ एकर जमीन दिली, आणि १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. शहराच्या उत्तरेस आजही उभ्या असलेल्या या संस्थेच्या मुळाशी उद्योग, संस्थान आणि सरकार या तिघांचा संयुक्त खर्च आहे.

छत्तीस टक्क्यांचा प्रश्न

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी काही आकडे मांडले. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के, माध्यमिक शाळांच्या खर्चापैकी ३१ टक्के आणि मधल्या शाळांच्या खर्चापैकी २६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येते, असे त्यांनी दाखविले. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. खालचे वर्ग नुकतेच शाळेच्या दारापर्यंत येत असताना शिक्षण शक्य तितके स्वस्त असावे; या खात्याचा विचार देवाणघेवाणीच्या तत्त्वावर करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

छत्तीस हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के भाग स्वतः उभारावा, अशी शिफारस केली, तेव्हा ती कठोर मानली गेली. विनाअनुदानित महाविद्यालयात हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्क्यांवर जाते. तेथे सरकारने शुल्काची भरपाई केली, तरी ती विशिष्ट विद्यार्थ्यासाठी असते. संस्थेचा खर्च शुल्कावरच चालतो. १९२७ मध्ये ज्याला व्यापारीकरण म्हटले गेले, त्याच्या जवळपास तिप्पट भाग आज अनेक कुटुंबे निमूटपणे सोसत आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत खर्चाचा मोठा वाटा राज्याने उचलला. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासूनच सुरू होती. यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी मिळाली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे ग्रामीण महाराष्ट्राच्या बोलीत त्यामुळेच रुळली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून विद्यार्थ्याच्या श्रमालाही या हिशेबात स्थान दिले.

येथे एक व्यक्तिगत नोंद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखकाचे पदवीपर्यंतचे शिक्षण ई.बी.सी. सवलतीवर झाले. उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे सोडले, तर त्या शिक्षणासाठी माझ्या कुटुंबाने शुल्क म्हणून फारसे काही मोजले नाही. ते कोणी मोजले, हा प्रश्न त्या वयात मनात आला नव्हता. काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर अप्रत्यक्ष कर भरणाऱ्या, पण ज्यांच्या घरातून कोणीही महाविद्यालयात गेले नाही, अशा माणसांचा त्यात वाटा होता.

कर्नाटक : देणगीपासून न्यायालयापर्यंत

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाची मागणी वाढली, त्या प्रमाणात सरकारी जागा वाढल्या नाहीत. कर्नाटकात खाजगी संस्थांची परंपरा आधीपासून होती. बंगळुरूचे बी. एम. श्रीनिवासय्या यांनी काढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९४६चे, तर मणिपालचे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय १९५३चे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे मुलांना या राज्यातील खाजगी महाविद्यालयांत पाठवू लागली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रातही विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. मराठीत 'देणगी' या शब्दाचा अर्थ याच काळात पालटला. स्वेच्छेने दिले जाणारे ते देणगी, हा जुना अर्थ मागे पडला आणि प्रवेशासाठी द्यावीच लागणारी रक्कम, हा नवा अर्थ रूढ झाला. 'शिक्षणमहर्षी' या शब्दाशेजारी 'शिक्षणसम्राट' हा शब्द उपरोधाने वापरला जाऊ लागला.

अशा देणगीवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये बंदी घातली. तथापि कर्नाटक सरकारच्या १९८९ च्या अधिसूचनेने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी तीन दर ठरविले : सरकारी जागेसाठी वार्षिक २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी कमाल २५,००० आणि राज्याबाहेरील भारतीय विद्यार्थ्यांसाठी कमाल ६०,००० रुपये. उत्तर प्रदेशातील एका विद्यार्थिनीने तुमकूरच्या महाविद्यालयातील ६०,००० रुपयांच्या दरास आव्हान दिले. 'मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हे शुल्क कॅपिटेशन फीच असल्याचे सांगून ते घटनाबाह्य ठरविले.

पुढच्याच वर्षी 'उन्नीकृष्णन' खटल्यात न्यायालयाने शिक्षणाचा मूलभूत हक्क चौदा वर्षांच्या वयापर्यंत मर्यादित केला. त्यापुढील शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडले. त्याचबरोबर खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी एक योजना घालून दिली. निम्म्या जागा गुणवत्तेनुसार 'मोफत', म्हणजे सरकारी दराने. उरलेल्या निम्म्या 'सशुल्क'. दुसऱ्या गटाच्या शुल्कातून पहिल्या गटाचा खर्च भागावयाचा होता.

ही योजना २००२ मध्ये 'टी. एम. ए. पै फाउंडेशन विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने रद्द केली. एका विद्यार्थ्यावर दुसऱ्याचा भार टाकणे योग्य नाही, हे त्यामागचे एक कारण. न्यायालयाने नोंदविलेले दुसरे निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. चांगल्या खाजगी शाळांतून आलेले, सुस्थित घरांतील विद्यार्थी प्रवेश-परीक्षेत वरचे क्रमांक मिळवून मोफत जागा घेतात, आणि तुलनेने गरीब घरांतील विद्यार्थ्यांच्या वाट्याला सशुल्क जागा येतात, असे ते निरीक्षण होते. स्पर्धेने दिलेल्या शिष्यवृत्त्यांबद्दल फुले यांनी १८८२ मध्ये जे सांगितले, तेच एकशेवीस वर्षांनी न्यायालयापुढे आले.

निदान समान असले, तरी उपाय मात्र भिन्न होते. मदत गरजेनुसार द्या, असा फुले यांचा आग्रह होता. २००२ च्या निकालाने मदतीची ती व्यवस्थाच मोडली. संस्थांना शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य आणि विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा मिळाली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांवरील बंदी कायम राहिली. दुर्बल घटकांसाठी काही जागा आणि सवलती यांना निकालात वाव होता; पण त्याची निश्चित रचना नव्हती. २००३ मध्ये निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली शुल्क-समित्या नेमण्याचा आदेश झाला. महाराष्ट्राचे नाव असलेल्या २००५ च्या 'इनामदार' खटल्यात अनिवासी भारतीयांसाठी कमाल १५ टक्के जागांना मान्यता देताना, त्यांच्या शुल्काचा उपयोग आर्थिक दुर्बल विद्यार्थ्यांसाठी व्हावा, असे न्यायालयाने सांगितले. एकाने दुसऱ्यासाठी भरण्याचे तत्त्व असे मागच्या दाराने परत आले. ते पूर्णपणे टाळता येत नाही, हेच यावरून दिसते.

कर्ज : भविष्यातील विद्यार्थी

याच सुमारास खर्च सोसणारा आणखी एक घटक पुढे आला : भविष्यकाळातील विद्यार्थी स्वतः. २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत देशांतर्गत शिक्षणासाठी साडेसात लक्ष रुपयांपर्यंत कर्जाची सोय झाली. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराविना कर्ज देऊ केले. कर्जामुळे प्रवेशाच्या वेळची अडचण दूर होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु कर्जदाराला जोखीमही पत्करावी लागते. नोकरी न मिळाल्यास हप्ता थांबत नाही. परिणामी विद्यार्थी विषय निवडताना आपल्या कलापेक्षा परतफेडीचा विचार आधी करतो. मराठी, कन्नड, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांच्या वर्गांवर त्याचा काय परिणाम होतो, हे भाषाविभागातील कोणाही अध्यापकास सांगावयास नको. शेतकरी कुटुंबाला कर्ज हा शब्द ज्या अनुभवातून परिचित आहे, तो पाहता अशी मुले कर्जाच्या अर्जापर्यंतच पोहोचत नाहीत, हीही बाजू आहे.

समारोप

उद्योगपती मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी २००० मध्ये पंतप्रधानांच्या व्यापार व उद्योगविषयक परिषदेला सादर केलेल्या अहवालात, सरकारने प्राथमिक शिक्षणावर भर द्यावा आणि उच्च शिक्षणाचा खर्च ते घेणाऱ्याने सोसावा, अशी दिशा मांडली. वरवर पाहता हे फुले यांच्या मागणीशी जुळते, आणि तसा आधार घेतलाही जाऊ शकतो. पण फुले यांचा आक्षेप रयतेच्या पैशाने रयतेलाच वगळण्यावर होता. उच्च शिक्षण केवळ पैसे असणाऱ्यालाच मिळाले, तर वगळण्याची ती क्रिया अधिकच पक्की होते. म्हणून एकाच वाक्याचे हे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत.

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला : सार्वजनिक पैसा उच्च शिक्षणावर खर्च होणे योग्य आहे, कारण त्याचा लाभ, विश्वेश्वरय्यांच्या उदाहरणाप्रमाणे, विद्यार्थ्यापुरता राहत नाही, मात्र तो गरज पाहून वाटला गेला पाहिजे. दुसरा : शुल्कमाफीइतकेच वसतिगृह आणि निर्वाहभत्ता यांना महत्त्व हवे. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून आठ लक्ष रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या मुलीला तालुक्याबाहेर सुरक्षित खोली मिळाली नाही, तर ही सवलत कागदावरच राहील. तिसरा : ज्या उद्योगांना शिक्षित मनुष्यबळ तयार मिळते, त्यांचा वाटा या हिशेबात फारच थोडा आहे. बंगळुरूच्या संगणक-उद्योगात काम करणाऱ्या मराठी अभियंत्याच्या शिक्षणासाठी सोलापूर किंवा बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाने जमीन गहाण ठेवलेली असू शकते. त्या शिक्षणाचा लाभ घेणाऱ्या कंपनीने त्यासाठी वेगळे काही दिलेले नसते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरासाठी टाटांनी दाखविलेली वाट येथे आठवते.

प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी आपला जमाखर्च प्रसिद्ध करते आणि प्रवेशांची आकडेवारीही ठेवते. हे दोन तक्ते सहसा वेगवेगळ्या अहवालांत असतात. पैसा कोठून आला आणि कोणत्या घरांतील मुले आत आली, हे एकाच पानावर शेजारी शेजारी छापले, तर या विषयावरील चर्चेला निश्चित आधार मिळेल. असा तक्ता मांडण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. आपल्या विभागापुरती त्याची सुरुवात कोणाही विभागप्रमुखास याच वर्षी करता येईल.